रहाटाला घातलेलं तेल

"झिपरूभाऊ, तेल कोणतं घालता यात?" चाकूच्या टोकावर काळपट तांबडा पापुद्रा धरून रतिलाल मिस्तरीने विचारलं.

झिपरूची छाती फुगली. तापीवरची ही बैलगाड्या वाहणारी मोठी नाव तो वीस वर्षं चालवत होता आणि नांगर सोडायचा-ओढायचा तिचा लोखंडी हातरहाट म्हणजे त्याचा जीव की प्राण. पौषाच्या गारठ्यात आठवडाभर तो अडकत होता, म्हणून मिस्तरीला बोलावलेलं. एरवी दुसऱ्याचा हात लागू देतोय कोण! सरकारी वंगणाचा डबाही झिपरूने कधी फोडला नव्हता. असली घाण तो रहाटाला लावणार होय?

"जवसनं. घाणीवरनं ताजं. दर अमावस्याले मी सोता टाकस, वरथून शेंदूर. नावना लाकूडले बी तेच लावतस ना!"

"लाकडाला ठीक. ते वाळून कडक होतं, म्हणून तर लावतात. तुम्ही आसात डिंक भरून ठेवलात, भाऊ." रतिलालने घासलेटचा बोळा आत कोंबला. दोंडाईच्याच्या कापसाच्या जिनात यंत्रं उघडण्यात त्याचा जन्म गेला होता. बोलण्यात आडपडदा नाही. "उन्हाळ्यात तापून सैल पडतं. गारठ्यात, झडीत धरून बसतं. मग रहाट अडवणारी खिटी काढा नाहीतर डोकं आपटा, साखळी सुटायची नाही."

झिपरू हसायला गेला, पण हसू ओठांतच विरलं.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात, चार दिवसांच्या झडीनंतर नाव पुरात ओढली गेली, तेव्हा रहाटावर त्याचा धाकटा भाऊ अभिमन होता. "नांगर टाक!" म्हणून झिपरू सुकाणूवरून ओरडला. नांगर पडलाच नाही. नाव खडकावर आदळली आणि माहेरी कानबाईच्या सणासाठी निघालेली झिपरूची बायको कुंदाबाई सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली. "खिटी काढी व्हती, भाऊ, साखळी चालनीच नई," अभिमन शपथा घेऊन सांगत होता. झिपरूने भर पंचात त्याला खोटं पाडलं. तू हात लावायला उशीर केलास, तू माझी बायको मारलीस, असं तो म्हणाला. अभिमनला नावेवरून काढलं. पुढे एकाच गावात राहून झिपरूने भावाचं तोंड पाहिलं नाही.

दुपारपर्यंत रहाट मोकळा झाला. रतिलालने खिटी उचलली नि साखळी खडखडत सुटली, नांगर धप्पकन पाण्यात गेला. "बघा, कसा फिरतोय!" तो खुशीत म्हणाला. झिपरूला ते बघवेना.

तो तसाच वरच्या गल्लीत गेला. अभिमन ओट्याजवळ पऱ्हाट्यांचा भारा बांधत होता. पस्तिशीतच म्हातारा दिसत होता. भावाला पाहून तो उठून उभा राहिला, सवयीने मान खाली.

"अभिमन, तुनी चुकी नव्हती," झिपरू कसाबसा बोलला. "मना तेलनी रहाट धरी ठेयेल व्हता. मिस्तरीनी दखाडं. तू खिटी येळवर काढी व्हती. कुंदाले मी मारं."

अभिमन लहान मुलाची समजूत काढावी तसा म्हणाला, "नई भाऊ. तेलनं काय नई. मना हात उशिरा गया. माले चांगलं याद शे."

"अरे, तूच सांगे ना, काढी व्हती म्हनीसन!"

"तव्हय खोटं बोलनू मी. भ्याव लागना."

"नई रे!" झिपरूने त्याचे खांदे धरून गदागदा हलवले. "मी सांगस ना तुले, मी!"

"रोज सपनमा दखस, भाऊ. वहिनी हाका मारस, आनि मना हात खिटीवर जातच नई."

गावाने सांगितलं होतं, सख्ख्या भावाने सांगितलं होतं. कधीतरी ते अभिमनने मनापासून मानून टाकलं होतं. आता त्यातून त्याला ओढून काढणं झिपरूच्या हातात उरलं नव्हतं. त्याला रडू कोसळलं.

अभिमन घाबरला. तो खाली वाकला आणि त्याने भावाचे पाय घट्ट धरले.

"भाऊ, आते तरी माफ कर माले."

झिपरूने त्याचे हात सोडवायला घेतले. पाय काही सुटेनात. शेवटी तो म्हणाला, "माफ कया तुले."