लिफ्ट बसेपर्यंत

"मंडळीचं मस्तक पुरुषच असला पाहिजे, हे जगाच्या पायाभरणीपासून ठरलेलं आहे," असं वकीलसाहेबांनी उभं राहून, एक हात छातीवर ठेवून सांगितलं आणि पुढचं वाचण्यासाठी ते चष्मा शोधू लागले. कोटाचे चारही खिसे उलटेपालटे झाले. मग त्यांनी बायकोला फोन लावला.

"डोक्यावर बघा," फोनमधून आवाज आला. तो खोलीतल्या सातही जणांना ऐकू गेला.

चष्मा मस्तकावरच होता. वकीलसाहेबांनी तो खाली ओढला आणि पान उलटलं. निबंध एक्केचाळीस पानांचा होता. बायकांनी मंडळीचं नेतृत्व का करू नये, याचे त्यात बावीस दाखले होते आणि त्यांपैकी एकोणीस एका बाईच्या लिखाणातले होते. ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती मंडळी जगभर उभी राहिली त्यात त्या बाईंचा वाटा किती, हे वकीलसाहेबांना पाठ होतं. त्यात काही विसंगत आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

रविवारची सकाळ होती. शनिवार म्हणजे शब्बाथ, त्या दिवशी कामकाज करायचं नाही. आणि रविवारी चर्चचा मोठा हॉल दुसऱ्या एका मंडळीला वापरायला दिलेला असतो. त्यामुळे नामनिर्देशन समिती शब्बाथ शाळेच्या बालवर्गात बसली होती. खुर्च्या पाच वर्षांच्या मुलांच्या मापाच्या. दाताच्या डॉक्टरांचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते. शेजारी फोटोग्राफर आणि घड्याळजी एकमेकांना टेकून बसले होते, कारण एकाला सरकायचं तर दुसऱ्याला उठावं लागलं असतं. पलीकडच्या हॉलमधला ड्रम भिंतीतून थडथडत होता.

ठरवायचं एकच होतं. साठ माणसांची मंडळी, तिला वडील, म्हणजे पास्टरांच्या खालोखाल मंडळी सांभाळणारा माणूस, एकच. जुने वडील मुलीकडे राहायला दुसऱ्या शहरात गेले होते. पुढच्या दोन वर्षांसाठी माणूस हवा होता आणि ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी नकाशेबाईंचं नाव सुचवलं होतं.

नकाशेबाई म्हणजे समितीच्या चिटणीस. चौतीस वर्षं त्यांनी वास्तुविशारदांच्या ऑफिसात आरेखक म्हणून काम केलं, म्हणून हे नाव पडलं; घरीसुद्धा आता त्याच नावाने निरोप येत. प्रभुभोजनाची बेखमीर भाकरी त्याच भाजत आणि तिच्यावर चौकोन आखायला स्टीलची पट्टी वापरत. बाप्तिस्म्याचा हौद भरायला साडेपाच तास लागतात हे फक्त त्यांना माहीत होतं. बाकीच्यांच्या समजुतीप्रमाणे तो भरलेलाच असे.

"बाई, एक विचारू?" वकीलसाहेब म्हणाले. "यजमानांची परवानगी घेतलीत का?"

"विचारलं ना त्यांना."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, यायला उशीर झाला तर गॅस कुठल्या बाजूला फिरवला की बंद होतो, तेवढं सांगून जा."

ऑर्गनवाल्या बाईंना खोकला आला. तरुण पास्टरांनी टेबलावर बोट वाजवलं. त्यांच्याकडे अशा पाच मंडळ्या होत्या आणि पाचही ठिकाणी ते हेच बोट वाजवत.

"नियम आहे, सिस्टर. ज्यांच्या नावाची चर्चा, त्यांनी बाहेर थांबायचं."

नकाशेबाई उठल्या आणि बाहेर गेल्या. कार्यवृत्ताची वही सवयीने त्यांच्या बगलेतच राहिली. आत आता सहा माणसं आणि एक तत्त्व होतं, लिहायला कागद नव्हता.

पॅसेजमध्ये मुलांची चित्रं लावलेली होती. एका चित्रात जलप्रलयातलं तारू होतं आणि जिराफाची मान छपरातून वर आली होती. उंचीचा हिशेब चुकलाय, असं नकाशेबाईंच्या मनात आलं. एरवी त्यांनी तिथेच पेन्सिलने खूण केली असती. आज वही घट्ट धरून त्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.

त्यांना मस्तक व्हायचं नव्हतं. वडील व्हायचं होतं, तेही एका चौथ्या मजल्यासाठी.

चौथ्या मजल्यावर मास्तरीणबाई राहत. वय एक्क्याण्णव, वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. या मंडळीतल्या निम्म्या लोकांना शब्बाथ शाळेत त्यांनीच शिकवलेलं, वकीलसाहेबांनासुद्धा. दर तिमाहीच्या तेराव्या शब्बाथला मंडळीत प्रभुभोजन होतं. त्याआधी सगळे एकमेकांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. जे अंथरुणावर आहेत त्यांच्या घरी जाऊन हेच करायचं. पाय धुवायला नकाशेबाई जात. पण भाकरी आणि द्राक्षरस द्यायचा तर पास्टर तरी हवेत, नाहीतर वडील.

पास्टर एकटे आणि तेरावा शब्बाथ पाचही मंडळ्यांत एकाच दिवशी. जुन्या वडिलांना पहिल्या मजल्यावरच धाप लागायची. मागच्या खेपेला पास्टरांनी खास परवानगी देऊन दाताच्या डॉक्टरांना पाठवलं. ते दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले, तिथल्या कठड्यावर बसले आणि तिथूनच भाकरीवर आशीर्वाद मागितला. मग बशी नकाशेबाईंच्या हाती वर पाठवली.

मास्तरीणबाईंनी बशीकडे बघितलं, पण हात लावला नाही.

"प्रार्थना कुठे झाली?"

"दुसऱ्या मजल्यावर, बाई."

"मग तिथल्या लोकांना दे. मी चौथ्यावर राहते."

नकाशेबाईंनी बशी झाकली. मास्तरीणबाई पांघरुणातून बाहेर राहिलेल्या, नुकत्याच धुतलेल्या पायांकडे बघत होत्या.

"तीन तिमाह्या झाल्या, पोरी. दर खेपेला पाय धुतेस, पुसतेस आणि ठेवून जातेस. मला काय कुठे बाहेर जायचंय?"

त्यावर दोघी हसल्या होत्या. मग मास्तरीणबाईंनी उशाखालून जुनी हजेरीची वही काढली. देव हजेरी घेतो की नाही ठाऊक नाही, म्हणाल्या, पण मी आयुष्यभर घेतली. स्वतःच्या नावापुढे त्यांनी स्वतःच तीन वेळा "गैरहजर" लिहिलं होतं. अक्षर अजून सरळ होतं.

"चौथ्यांदा लिहायला लावू नकोस," त्या म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत.

बालवर्गाचं दार उघडलं.

"या, सिस्टर," पास्टर म्हणाले. ते नकाशेबाईंच्या डोळ्यांकडे न बघता वहीकडे बघत होते.

खुर्चीवर बसून नकाशेबाईंनी पेनचं टोपण काढलं.

"चर्चा अतिशय प्रेमाने झाली," वकीलसाहेब म्हणाले. "तुमच्या सेवेबद्दल सगळ्यांना आदर आहे. तेवढंही नोंदवा. पण तत्त्व ते तत्त्व. चार विरुद्ध एक, पास्टर तटस्थ. वडील पुरुषच असावा."

"एक कोण ते नाही लिहिलं तरी चालेल," फोटोग्राफर म्हणाले.

"लिहा ना," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या. "मला काय चोरी आहे?"

नकाशेबाईंनी ठराव लिहिला. प्रेम, आदर, चार, एक, सगळं एका ओळीत बसलं. मग त्यांनी खाली नवी ओळ सुरू केली.

"तेराव्या शब्बाथला मास्तरीणबाईंकडे वडिलांनी जायचंय. पुढच्याच महिन्यात आहे. नाव सांगा, म्हणजे तेही लिहून टाकते."

पलीकडचा ड्रम नेमका त्याच वेळी थांबला.

"म्हणजे वडील कोण होणार, ते विचारताय?" पास्टर म्हणाले.

"तेच. पुरुष असावा, एवढं लिहिलंय. कोणता, ते राहिलं."

"वकीलसाहेब?" पास्टर आशेने म्हणाले.

"माझं वाचन असतं शनिवारी दुपारी. शिवाय हा उजवा गुडघा."

"माझा डावा," घड्याळजी म्हणाले. फोटोग्राफरांनी कमरेला हात लावून दाखवला. कुणी त्यांना विचारलं नव्हतं.

"मी दुसऱ्या मजल्यापर्यंत जाईन," दाताचे डॉक्टर म्हणाले.

"त्या चौथ्यावर राहतात," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या.

"किती पायऱ्या आहेत हो?"

"अठ्ठ्याऐंशी," नकाशेबाई म्हणाल्या. त्यांनी त्या कधी मोजल्या नव्हत्या.

"त्यांनाच खाली आणलं तर?" वकीलसाहेबांनी सुचवलं. "खुर्चीत बसवायचं, चार जणांनी अलगद उचलायचं..."

"कोण चौघं?" ऑर्गनवाल्या बाईंनी विचारलं.

चौघंही खोलीतच होते. त्यांनी आपापल्या गुडघ्यांकडे बघितलं. बालवर्गाच्या खुर्च्यांमुळे त्यासाठी मान फारशी वाकवावी लागली नाही.

एरवी अशा वेळी नकाशेबाई मदतीला धावत. बघते मी, करते काहीतरी, तुम्ही नका काळजी करू. एवढं म्हणायची त्यांना पंचवीस वर्षांची सवय होती आणि समितीलाही तेवढीच. सगळे वाट बघत होते. नकाशेबाईंनी वहीत "नाव" लिहिलं, त्यापुढे दोन टिंबं काढली आणि पेन तिथेच धरून बसल्या.

एक मिनिट गेलं. घड्याळजींनी ते मनगटावर मोजलं.

"मास्तरीणबाईंनी मला विचारलं होतं," नकाशेबाई वहीतून वर न बघता म्हणाल्या. "वकीलसाहेब, तुमच्याबद्दल. म्हणाल्या, पाठांतराचं पहिलं बक्षीस त्याला मीच दिलं होतं. तेव्हा मी बाई आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं का?"

वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला, घातला आणि पुन्हा काढला.

"माझं म्हणणं एवढंच," दाताचे डॉक्टर सावकाश म्हणाले, "की तत्त्व जागच्या जागी राहू द्यावं. आणि तात्पुरतं काही करता आलं तर..."

"तात्पुरतं," वकीलसाहेब म्हणाले. या शब्दावर त्यांची तीस वर्षांची वकिली उभी होती. त्यांचा चेहरा उजळला. "करता येईल. अपवाद म्हणून करता येईल. मुख्य कार्यालयाचं काय म्हणणं आहे, पास्टर?"

"त्यांनी केव्हाच कळवलंय. बाई वडील असलेली चालते, ज्या त्या मंडळीनं ठरवावं. पण एक आहे. वडील म्हणजे पूर्ण वडील. हात ठेवून नेमायचं असतं, अर्धा हात ठेवता येत नाही. उपदेश, बैठका, घरभेटी, सगळं आलं."

"येऊ दे. मुदत घालू ना आपण. लिहा, बाई." वकीलसाहेब पुन्हा उभे राहिले आणि हात छातीवर गेला. "पुरुषांच्या प्रमुखत्वाचं तत्त्व अबाधित ठेवून, केवळ जिन्याची अडचण लक्षात घेता, सदर बाईंची वडील म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. ही व्यवस्था तात्पुरती असून, मास्तरीणबाईंच्या इमारतीत लिफ्ट बसेपर्यंतच राहील."

"आणि दोन वर्षांनी पुन्हा निवडणूक येईल तेव्हा?" पास्टरांनी विचारलं.

"लिफ्ट बसली नसेल तर आपोआप पुढे चालू. तेही लिहा. उगाच पुन्हा ही चर्चा नको."

"पण कधी बसणार लिफ्ट?" ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या.

"अहो, हल्ली सगळीकडे बसतायत!"

नकाशेबाईंनी मान वर केली. पेन क्षणभर हवेत राहिलं. मग मान खाली गेली आणि त्यांनी शब्दन्‌शब्द लिहिला, स्वल्पविरामांसकट. पूर्णविराम जरा ठळक झाला.

"वाचून दाखवू?"

"नको नको. तुमच्यावर विश्वास आहे," वकीलसाहेब म्हणाले आणि दोन्ही हात टेकून खुर्चीत बसले.

अहवाल दोन शब्बाथ मंडळीपुढे वाचला गेला. हरकत घ्यायला मधला आठवडा होता, पण कुणी आलं नाही. तिसऱ्या शब्बाथला पास्टरांनी नकाशेबाईंच्या डोक्यावर हात ठेवले. वकीलसाहेब पहिल्या रांगेत होते. मागून कुणी कुजबुजलं की ते म्हणत, "तात्पुरतं आहे."

तेराव्या शब्बाथच्या दुपारी नकाशेबाईंनी भाकरीची झाकलेली बशी, द्राक्षरसाची बाटली आणि टॉवेल पिशवीत घातले आणि जिना चढल्या. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी त्या थांबल्या नाहीत.

"कोण?" आतून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"वडील आलेत, बाई."

"एवढ्या वर? कोणते?"

"मीच."

मास्तरीणबाईंनी पाय पांघरुणातून बाहेर काढले. नकाशेबाईंनी ते कोमट पाण्यात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले. मग भाकरी पट्टीच्या रेघेवर मोडली आणि प्रार्थना केली. मास्तरीणबाईंनी "आमेन" वेळेवर म्हटलं.

खाऊन झाल्यावर त्यांनी उशाखालची वही मागितली. चौथ्या चौकोनात "हजर" लिहायला त्यांना बराच वेळ लागला.

"तुझ्या वकिलाचा फोन आला होता," वही मिटत त्या म्हणाल्या. "म्हणाला, लिफ्ट बसेपर्यंतच आहेस तू. इथे तर कुणी लिफ्टचं बोलत नाही. बसणार आहे का गं?"

नकाशेबाई टॉवेलची घडी घालत होत्या. घडीची टोकं त्यांनी टोकांना जुळवली.

जिन्याच्या तीन बाजूंना भिंती होत्या आणि चौथ्या बाजूला, चार फुटांवर, शेजारची इमारत. लिफ्टला जागाच नव्हती. बत्तीस वर्षांपूर्वी या इमारतीचा नकाशा नकाशेबाईंनीच काढला होता.