जाळीच्या पोटातला संत

मी एक जुनी पोलादी जाळी आहे. अँडीज पर्वतातल्या एका वळणावर, रस्त्याच्या डोक्यावरच्या कड्याला मी टांगलेली आहे. मित्रांनो, बोलता बोलता मी थांबले तर समजून घ्या. वरून खडा

ठक्

आला की असेच होते.

फाउस्तीनोने मला इथे टांगले. दोराला लोंबकळत त्याने कातळात भोके पाडली, पहारीएवढे खिळे रोवले. थकवा जाणवू नये म्हणून गालात कोकाची पाने धरून तो म्हणायचा, "तू फक्त धर, बाई. उतरवायचं काम माझं." पाऊस सरला की तो यायचा, माझी खालची कड सोडायचा आणि साठलेले दगड काढून टाकायचा. मग मी वाऱ्यावर डुलायचे.

एका सकाळी बैलाएवढा धोंडा सुटला. खाली ड्रायव्हर ओरेस्तेसची भरलेली बस होती. बसमध्ये फाउस्तीनोची बायकोही होती. मी अंगभर ताणले गेले, तारा तटातट तुटल्या, पण धोंडा बसच्या टपापासून हातभर अंतरावर थांबला.

ओरेस्तेसने टोपी काढली. "ही शेवाळाची दाढी बघा. हा संत आहे, सान पेद्रो. आपल्यासाठी स्वतःहून थांबला."

"जाळीनं थांबवला," निल्दा म्हणाली. ही फाउस्तीनोची मुलगी, वळणावर उकडलेला मका विकणारी.

"त्या जाळीत तुझी कोंबडीसुद्धा थांबायची नाही, पोरी," ओरेस्तेस म्हणाला.

सगळे हसले. मी धावत आलेल्या फाउस्तीनोकडे पाहिले. त्याला तर ठाऊक होते. तो

ठक्

गुडघ्यांवर बसला. संध्याकाळी पहिली मेणबत्ती त्यानेच लावली.

पाऊस सरल्यावर तो पहार घेऊन आला. लोक आडवे उभे राहिले.

"संताला दरीत लोटणार का रे?"

"नाही, म्हणजे... पुढच्या वर्षी बघू," तो पुटपुटला.

ते पुढचे वर्ष अजून आलेले नाही. संतामागे दगड साठत गेले. त्याला फिती आणि फुले. माझ्यावर सांडलेली चिचा, म्हणजे मक्याची दारू, आणि गंज. निल्दा आता मक्याऐवजी मेणबत्त्या विकते. तिचे स्टूल बरोबर माझ्या खाली आहे.

काल फाउस्तीनो आला. माझ्या फुगलेल्या पोटावर त्याने तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"निल्दा, जरा पलीकडे बस."

"का बाबा?"

भोवती माणसे होती. "इथं ऊन लागतं," तो म्हणाला.

"सावली आहे की! म्हातारपणी डोळे गेले वाटतं तुमचे." ती हसली आणि तिथेच बसली. तो मान खाली घालून निघून गेला.

मित्रांनो, तुमच्यासाठी कोणी ओझे धरले असेल, तर आधी ते उतरवा. फुले नंतर वाहा. आणि निल्दाला कोणीतरी खरे सांगा. मीच सांगितले असते, पण

ठक्

मला आवाज फुटतो तो फक्त तुटताना.