नावं घेणारा फोन

फोनचं वायफाय चालू ठेवलं की तो आधी कुठे कुठे जोडला होता, त्या जागांना नावाने हाका मारत राहतो. या हाका ऐकून परक्या माणसाला काय काय कळू शकतं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न. म्हणून २०१७च्या एप्रिलमध्ये मी डहाणूहून झरीला जाऊन झिपरूच्या दुकानाच्या ओटीवर लॅपटॉप उघडून बसायचे. परवानगी देणाऱ्यांचेच फोन ऐकायचे, आणि ऐकलेलं फक्त मालकाला दाखवायचं, असा माझा नियम होता.

दुपारी वाऱ्यावर सावरीचा कापूस तरंगायचा आणि पडद्यावर नावं. कुठली तरी खोली, कुठलं तरी गोदाम. गाव झोपलेलं आणि फोन झोपेत बरळणारे.

गावातल्या शुक्राने सकाळी परवानगीच्या कागदावर ऐटीत सही करून फोन दुकानात चार्जिंगला लावला होता. तो न्यायला त्याची बायको नवशी आली. काखेत कपड्यांचं गाठोडं.

"बाय, त्याचा फोन काय बोलतो?"

"गेला होता तिथली नावं घेतो."

"मी त्याचं नाव घेत नाही, नि हा मेला सगळ्यांची घेतो!" ती हसली, मग हळू म्हणाली, "बाईचं आहे का त्यात? आठ महिने वापीला कामाला होता. आलाय तसा बोलत नाही, जवळ येत नाही. असेल तर सांग, मी आशागडला आईकडे चालले."

"त्याला बाई कोण देणार? तूच एक फसलीस!" झिपरू आतून ओरडला.

पडद्यावर त्याच्या फोनने घेतलेली तीन नावं होती. तिसरं मी दोनदा वाचलं. एका वाक्यात तिचं जाणं थांबलं असतं. पण ते वाक्य माझं नव्हतं.

"त्यालाच बोलाव," मी म्हटलं. "तो येईपर्यंत जाऊ नको."

नवशीमागून शुक्रा डोळे चोळत आला. मी पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने अक्षरं जुळवली. "हे कंपनीच्या गेटचं. हे कँटीनचं." मग तिसऱ्यावर बोट ठेवलं.

"हे दवाखान्याचं," तो नवशीला म्हणाला. "टीबी निघाला. महिनाभर वॉर्डात होतो. गोळ्या चालू आहेत. तू पोरीला माझ्याजवळ देणार नाहीस, म्हणून नाही बोललो."

"म्हणून पेला वेगळा घेतोस?" तिचा आवाज चिरकला. "मला वाटलं, माझ्या हातचं नको झालं."

तिने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"गोळी उपाशीपोटी घेतोस का?"

"सकाळची घेतली."

"काय खाऊन?"

"नुसता चहा."

"चल घरी," ती म्हणाली.

निघताना तो माझ्याकडे वळला. "हे पुसशील ना?"

मी त्याच्यासमोरच त्याची सगळी नोंद पुसली. पण यंत्र ऐकतच होतं. फोन नवशीच्या मुठीत होता आणि चालता चालता त्या तिन्ही जागांना बोलावत होता. हाका क्षीण होत गेल्या. त्यांच्या घराकडच्या ओढ्यापलीकडेही त्या थांबल्या नसणार, फक्त माझ्यापर्यंत येईनाशा झाल्या.