पांढऱ्या पंपातली फवारणी

एकोडीच्या यादोरावाचा जगात एकाच माणसावर भरवसा होता, आणि तो माणूस म्हणजे खुद्द यादोराव. दुकानदार काटा मारतो, सख्खा धाकटा भाऊ भोजराज दरसाल बांध कोरतो, याबद्दल त्याला तिळभर शंका नव्हती. असल्या माणसानं तलावाखालची धानाची बांधी कृषी कॉलेजात शिकणाऱ्या मोनिकाला प्रयोगासाठी दिली, याचंच गावाला नवल. एरवी त्या बांधीत तो उभ्या धानातच लाखोरी डाळीचं बी फेकायचा. पण बियाणं पोरीचं, औषध पोरीचं आणि निघेल ती मोहरी आपली, म्हटल्यावर गडी विरघळला.

मोनिकानं खुंट्या ठोकून चार पट्ट्या आखल्या. दोन पट्ट्यांत धान निघाल्याबरोबर मोहरी पेरली आणि दोन पट्ट्यांत मुद्दाम उशिरा, चांगली थंडी पडल्यावर. पुढं ती अधूनमधून येऊन फवारणी करायची. पंप दोन, एक लाल, एक पांढरा. लाल पंपात पाण्यात विरघळवलेला युरिया असतो, एवढं तिनं सांगितलं होतं. पांढऱ्याचं नाव नाही! त्यात पंप ठेवायची भोजराजच्या घरी, जेवायचीही तिथंच. झालं, यादोरावाच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

एकदा तिची पाठ वळलेली पाहून त्यानं पांढऱ्या पंपात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. ना वास, ना चव. निव्वळ पाणी!

"मी म्हणत नोहोतो?" घरी येऊन तो बायकोवरच उखडला. "अर्ध्या मोहरीले नुसतं पानी पाजून राह्यली ते. माह्या वाट्याचं औषध भोजराजच्या वावरात जाते!"

कुंताबाईनं कपाळाला हात लावला. "औषध जिभेले लावलं तुम्ही? अजी, तिलेच विचारा ना, पानी काहून मारते म्हणून."

"चोर कधी कबूल करते का?"

मग काय, मोनिका नसली की यादोराव बादलीत युरिया घोळायचा, स्वतःचा पंप पाठीवर घ्यायचा आणि पाण्याच्या पट्ट्यांवर मनसोक्त फवारायचा. कुंताबाई ओरडून थकली. हा आपला मिशीत हसत होता, पोरीला बरं बनवलं म्हणून.

मोहरी शेंगांनी भरली, तसं मोनिकानं गावाला बांधावर बोलावलं.

"हे वेळेवर पेरलेली पाहा, छातीला लागते. उशिराची गुडघ्यावरच अडली अन् वरून मावा चिकटला," ती म्हणाली. "दोन्हीकडं एकेका पट्टीवर युरिया मारला अन् एकेकीवर नुसतं पाणी. फरक ओलाव्यानं पडते का औषधानं, हे कळायला पाहिजे ना! पण फरकच नाही दिसला. हंगामभर याच्यावर राबली मी. तरी जे दिसलं ते सांगते, युरियाच्या फवारणीच्या नादी लागू नका."

"चला, पाठ मोडायचं काम वाचलं," भोजराज म्हणाला. माना डोलल्या.

यादोरावाला उमगलं. म्हणजे चोरी नव्हतीच! आणि आता सारं गाव खोट्यावर मान डोलवत होतं. कुंताबाईनं त्याला कोपरानं असं ढोसलं की तो पुढंच गेला.

"थांबा. त्या पानी मारलेल्या पट्ट्यांवर मी युरिया मारला."

कुणीतरी फिसकन हसलं. मोनिकाचं तोंड पांढरंफटक पडलं.

"काहून काका?"

"मले वाटलं, तू औषध चोरतेस."

"एकदा विचारलं तरी असतं!"

"तू आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर बांधी दिली असती तुम्ही?"

लाजेनं यादोरावाला मान वर करवेना. मोनिका खाली वाकली आणि पाण्याच्या पट्टीची खुंटी उपटू लागली. दुसरी उपटली. मग युरियाच्या पट्ट्यांकडं वळली.

"अवं, त्याले हात नाही लावला मी! त्या खऱ्या आहेत पोरी, आईची शप्पथ! पेरणीचंही खरं आहे!"

मोनिकानं डोळे पुसले आणि त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही म्हणता म्हणून?" ती म्हणाली, आणि तिनं पुढची खुंटी उपटली.