तपासणीसाठी पूल बंद

तारांनी तोललेला नवा पूल झाला आणि नदीचे दोन्ही काठ जवळ आले, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगण्यात आलं. तारांचे इंजिनिअरसाहेब तेव्हा पहिल्या रांगेत टाळ्या पिटत होते. एकुलती एक लेक पलीकडे दिलेली, तेव्हा या प्रगतीचे पहिले मानकरी आपणच, अशी त्यांची भाबडी समजूत.

झालं भलतंच. पूर्वी लेक पार लांबच्या जुन्या पुलावरून वळसा घालून यायची, त्यात अर्धा दिवस मोडायचा. एवढी यातायात करून आलेली पोर चार दिवस राहिल्याशिवाय हलायची नाही. आता ती चुटकीसरशी यायची आणि उभ्याउभ्या चहा पिऊन निघायची. गाडीची किल्ली हातातच. राहा म्हटलं तर म्हणायची, जवळच तर आहे. माणसं जवळ आणायला साहेबांनी मनगटाहून जाड तारा ताणल्या होत्या, आणि पदरात पडला उष्टा कप.

मग साहेबांनी डोकं लढवलं. तारांचा ताण मोजताना पुलावर एकही गाडी चालत नाही, आणि पूल कधी बंद ठेवायचा हे तेच ठरवायचे. लेक रविवारी सकाळी दहाला येणार होती. पुढच्या महिन्यातली मोजणी त्यांनी अलीकडे ओढली: रविवारी अकरापासून सोमवारी संध्याकाळपर्यंत पूल बंद. आता जाशील कुठे, असं मनाशी म्हणत ते खुशीत दाढी करायला बसले.

अकरा वाजून गेले तरी लेकीचा पत्ता नव्हता. मग तिचा फोन आला.

"बाबा, तुमच्या पुलाला आजचाच मुहूर्त सापडला का? इथे अडवलंय मला."

उशीर का केलास, असं ते जवळजवळ ओरडलेच.

"बॅग भरत होते. उद्याची रजा टाकली होती, म्हटलं निवांत राहावं तुमच्याकडे. आता परवा ऑफिस. जाऊ दे, बघू पुन्हा कधीतरी."

जुन्या पुलावरून ये, पूर्वी यायचीस तशी, ते अजिजीने म्हणाले.

"इतक्या लांबून? आता कोण येतंय तिकडून, बाबा," ती हसली आणि तिने फोन ठेवला.

तेच त्यांना फार लागलं. त्याच वाटेने ती वर्षानुवर्षं आली होती आणि कधी कुरकुरली नव्हती.

"अहो, आजच पूल बंद करायची अवदसा कुठल्या शहाण्याला आठवली?" बायकोने आतून विचारलं.

शोध घेतो, असं साहेब म्हणाले.