मागच्या सीटवरचं कोकण

दीनानाथ आगाशे यांनी भूमापन खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर ते लोकांना सहलीचे कागद काढून देऊ लागले.

कर्वेनगरातल्या त्यांच्या सोसायटीत कोणी कोकणात निघालं की आधी तिसऱ्या मजल्यावर यायचं. घरात कोण कोण आहे, मुलं केवढी आहेत, गाडी कोण चालवणार, एवढं ते विचारायचे आणि दोन दिवसांनी एक कागद हातात ठेवायचे. डाव्या बाजूला हाताने काढलेली किनाऱ्याची रेघ, गावं, पूल, पेट्रोल पंप. उजव्या बाजूला रोजचा बेत. मुक्काम एकाच गावात. रोज एकच दिशा. सलग पाऊण तासाच्या वर गाडी चालवायची नाही. सकाळी आठला निघायचं, एकच ठिकाण बघायचं, जेवायला परत यायचं, झोपायचं आणि संध्याकाळी जवळच्या किनाऱ्यावर जायचं. "ज्यात रोज बॅग भरावी लागते ती सहल नव्हे, बदली," असं ते प्रत्येकाला सांगत. लोक परत आल्यावर फोटो दाखवत, दीनानाथ ते चष्मा वर करून बघत आणि सूर्य कुठून येतोय यावरून किती वाजले असतील ते सांगत.

डिसेंबरात खालच्या मजल्यावरच्या विश्वजीतने दिवेआगरचा कागद नेला. सोसायटी जिथे उभी होती तिथे पूर्वी विश्वजीतच्या आजोबांचं शेत होतं. त्या बदल्यात कुटुंबाला दोन फ्लॅट मिळाले होते, आणि विश्वजीतचं वारज्याला फरशांचं दुकान होतं. नुकतीच सात सीटची गाडी घेतली होती. आई आनंदीबाई, बायको निशा आणि नऊ वर्षांची ओवी यांना घेऊन तो गेला, तीन दिवसांनी परत आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कागद घेऊन वर आला.

त्याने आधी चहा घेतला. मग त्याने कागद टीपॉयवर ठेवला आणि शांतपणे एकेक सांगितलं. कागदावरची खानावळ बंद होऊन तिथे मोबाइलचं दुकान झालंय. समुद्राकडेचा रस्ता रुंदीकरणासाठी खणलाय, त्यामुळे वीस मिनिटांचं अंतर सव्वा तासाचं झालं. आणि 'सुरूच्या झाडांच्या दाट सावलीत निवांत बसावे' असं जिथे लिहिलं होतं तिथे सावलीच नव्हती. आईला वाळूत चालता येईना, म्हणून तिला दोन तास गाडीतच बसवावं लागलं, आणि गाडी उन्हात.

"काका, राग मानू नका," तो शेवटी म्हणाला, "पण तुमच्या कागदावरचं निम्मं कोकण आता तिथे नाही."

दीनानाथांनी रागबिग मानला नाही. त्यांनी फक्त विचारलं की सुरू एकूण किती उरलेत. विश्वजीत म्हणाला, मोजले नाहीत, पण सावलीपुरतेही नाहीत.

तो गेल्यावर दीनानाथांनी कागद पुन्हा वाचून काढला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी विकली होती, त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हापासून ते कोकणात गेले नव्हते. सुरुवातीला ते ओळखीच्या लॉजवाल्यांना फोन करून माहिती ताजी करत. पुढे एकेकाचे नंबर लागेनासे झाले आणि ते आठवणीवर कागद काढू लागले. हे त्यांनी त्या दिवशी बायकोला, सरोजिनीबाईंना, पहिल्यांदा सांगितलं.

सरोजिनीबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "अकरा वर्षं तुम्ही सगळ्या सोसायटीला समुद्रावर पाठवताय," त्या म्हणाल्या, "आणि मला मंडईत."

त्यानंतरच्या आठवड्यात तीन कुटुंबं कागद मागायला आली. तिघांनाही दीनानाथांनी नाही म्हणून सांगितलं. कारण सांगितलं नाही. कागदांची फाइल त्यांनी माळ्यावर टाकायला काढून ठेवली.

जानेवारीअखेर एका दुपारी आनंदीबाई आल्या. गुडघ्यांमुळे त्या सहसा घराबाहेर पडत नसत, लिफ्टने एक मजला वर यायलाही त्यांना दम लागला होता. बसल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. समुद्र त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, पण गाडीच्या काचेतून. घरी आठ म्हशी होत्या तोवर दोन्ही वेळची धार सोडून नवऱ्याला, जयसिंगरावांना, कुठे जाता येत नव्हतं. म्हशी गेल्या, जमीन गेली, मग जयसिंगरावही गेले. आता विश्वजीत म्हणतो, एकदा गेलो तेवढं बास, आईचे हाल होतात.

"मला पान्यात पाय घालायचं हाय," त्या म्हणाल्या. "तेवढ्यासाठी तुमी संगं चला. तुमाला वाटा ठावं हायेत. पोरगं तुमच्या शब्दाबाहेर जानार न्हाई."

दीनानाथ म्हणाले की त्यांना वाटा ठाऊक होत्या, आता नाहीत.

"मंग बगून या की," आनंदीबाई म्हणाल्या, "माझ्यासंगट."

स्वयंपाकघरातून सरोजिनीबाईंनी विचारलं की किती तारखेला निघायचं.

विश्वजीतला तयार करायला आठ दिवस लागले. त्याची एकच अट होती, दुकानासाठी रविवारी रात्रीपर्यंत परत यायचं. निशाला ऑफिसचं काम होतं, ती राहिली. ओवीने शाळा बुडवायची परवानगी स्वतःच मिळवली. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी साडेसहाला पाच जण निघाले.

रस्ता सांगायला दीनानाथांना पुढे बसायचं होतं. पण आनंदीबाईंना गाडी लागायची, त्या पुढेच बसत. मधल्या सीटवर सरोजिनीबाई आणि ओवी बसल्या. ओवीला खिडकी हवी होती, सरोजिनीबाईंनाही हवी होती. म्हणून दीनानाथ सगळ्यात मागे गेले, बॅगांशेजारी, मांडीवर कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन. या वेळी आधी काहीच लिहायचं नाही, बघितल्यावरच लिहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

मुळशीपर्यंत त्यांनी बऱ्याच नोंदी केल्या. ताम्हिणी घाट सुरू झाला तशी पेन्सिल थांबली. चौथ्या वळणावर त्यांनी कागद बाजूला ठेवला, सहाव्या वळणावर डोळे मिटले, आणि दहाव्या वळणाच्या आत सरोजिनीबाईंना विश्वजीतला गाडी थांबवायला सांगावं लागलं. दीनानाथांनी हा घाट शंभरेक वेळा ओलांडला असेल, पण प्रत्येक वेळी स्टिअरिंग त्यांच्या हातात होतं. मागे बसून घाट उतरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

रस्त्याकडेच्या दगडावर ते पांढरेफटक होऊन बसले. आनंदीबाई काठी टेकत आल्या. त्यांनी कमरेच्या पिशवीतून आवळ्याची सुकी फोड काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि चघळा म्हणाल्या, गिळू नका. मग स्वतःही एक तोंडात टाकली आणि शेजारी बसल्या. ओवीने विचारलं की आजोबांच्या कागदावर इथे थांबायचं लिहिलं होतं का. नव्हतं लिहिलेलं. दीनानाथांच्या प्रत्येक कागदावर ताम्हिणीसमोर एकच शब्द असायचा, 'निसर्गरम्य'.

"किती वेळ थांबलो?" त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

विश्वजीत म्हणाला, वीस मिनिटं. दीनानाथांनी ते लिहून घेतलं.

पुढचा घाट त्यांनी दोनदा थांबून उतरला. दिवेआगरला पोहोचायला एकाऐवजी अडीच वाजले आणि कोणाचं काही बिघडलं नाही. एका घरगुती खानावळीत सोलकढी आणि गरम भात मिळाला. विश्वजीत आणि ओवीने सुरमई खाल्ली, आगाशे मंडळींनी डाळिंबी उसळ. मग सगळे झोपले.

संध्याकाळी दीनानाथ एकटेच विश्वजीतने सांगितलेली जागा बघून आले. वादळात सुरूचं बन आडवं झालं होतं. बुंधे कापून नेलेले, काही ठिकाणी नवीन रोपं लावलेली, ती गुडघ्याएवढी. उत्कर्षा, त्यांची मुलगी, लहान असताना याच जागी झोपाळा बांधून झुलली होती. त्यांनी उरलेली झाडं मोजली, चौदा भरली. परत आल्यावर सरोजिनीबाईंना एवढंच म्हणाले की विश्वजीतने फार सौम्यपणे सांगितलं.

शनिवारी सकाळी ते श्रीवर्धनच्या बाजूला निघाले. किनाऱ्याकडेचा रस्ता आता झाला होता. एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र, आणि पाण्यावर इतकं ऊन की ओवीने डोळ्यांवर दोन्ही हात धरले. शेखाडीच्या पुढे एका ठिकाणी रस्ता वाळूच्या पातळीला येत होता. पायऱ्या नाहीत, कठडा नाही. दीनानाथांनी गाडी थांबवायला लावली आणि आनंदीबाईंना एक प्रश्न विचारला, जो त्यांनी आजवर कोणालाच विचारला नव्हता: वाळूत किती पावलं चालाल?

"कोरड्या वाळूत धा. पाय रुततो," त्या म्हणाल्या. "ओल्या वाळूत पन्नास चालीन, धरून."

दीनानाथ आणि ओवीने पावलं मोजली. कोरडी वाळू आठ पावलं. तिथून पाण्यापर्यंत ओली वाळू एकशे दोन. ओवीने परत मोजली, तिची एकशे एकोणसाठ भरली. कसंही मोजलं तरी जमण्यासारखं नव्हतं. विश्वजीत म्हणाला की तो आईला उचलून नेईल. आनंदीबाई म्हणाल्या की त्या काही सिमेंटची गोणी नाहीत.

जवळच शहाळ्यांची टपरी होती. टपरीवाली सरुबाई हे सगळं मघापासून बघत होती. शहाळं फोडता फोडता तिने विचारलं की आत्ता ओहोटीला कशाला आणलंत म्हातारीला, संध्याकाळी आणा, पाणीच वर येईल. दीनानाथांनी वेळ विचारली. तिने तिथी सांगितली. आज अष्टमी. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. आठाची पाऊणपट सहा.

दीनानाथांच्या प्रत्येक कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे की किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी जावे, वाळू प्रशस्त मिळते. धावणाऱ्यांच्या आणि क्रिकेट खेळणाऱ्यांच्या दृष्टीने ते बरोबर होतं. त्यांनी सरुबाईला विचारून विचारून प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच्या वेळा काढल्या आणि दुसरं शहाळंही प्यायले.

संध्याकाळी पाचला ते परत आले. ओवी पळत गेली आणि आजोबांच्या पावलांइतकी लांब पावलं टाकत परत आली. कोरडी आठ, ओली एकेचाळीस.

कोरड्या वाळूवर विश्वजीतने गाडीतली पायपुसणी ओळीने टाकली. आनंदीबाईंनी चपला काढल्या, नऊवारीचा घोळ वर खोचला, एका बाजूने विश्वजीत आणि दुसऱ्या बाजूने सरोजिनीबाई. पंचविसाव्या पावलाला त्या थांबल्या. सगळे थांबले. मग पुढे निघाल्या. पहिली लाट घोट्यापर्यंत आली आणि परत जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली, तेव्हा त्यांनी दोघांचेही हात घट्ट धरले.

"आगं, खालनं वडतंय," त्या म्हणाल्या, आणि हसू लागल्या.

त्यांना इतकं हसताना विश्वजीतने कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. तो दुसरीकडे बघू लागला. लाटा येत होत्या, जात होत्या. आनंदीबाईंनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, चाखून बघितलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. ओवीने आजीच्या लुगड्यावर पाणी उडवलं, आजीनेही उडवलं, आणि मध्ये उभ्या असलेल्या सरोजिनीबाई सगळ्यात जास्त भिजल्या. अर्ध्या तासाने विश्वजीत चला म्हणाला तर त्याच्या आईने त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलं.

दीनानाथ थोड्या अंतरावर कागद घेऊन उभे होते. सरोजिनीबाईंनी त्यांना हाक मारली, म्हणाल्या, लिहिणं झालं असेल तर बायकोकडेही बघा जरा. त्यांनी कागद शर्टाच्या खिशात घातला, पँट दुमडली आणि पाण्यात आले.

रविवारी परत निघताना आनंदीबाई पुढच्या सीटपाशी गेल्या, दार उघडलं आणि दीनानाथांना तिथे बसवलं. त्या स्वतः मधल्या सीटवर बसल्या, आवळ्याची पिशवी मांडीवर घेऊन. घाटात दोघांनाही गाडी लागली नाही. विश्वजीत दर वीस मिनिटांनी न सांगता थांबत होता.

पुढच्या आठवड्यात दीनानाथांनी नवा कागद काढला. त्यात गाडीपासून पाण्यापर्यंतची पावलं होती, भरतीच्या वेळा होत्या, सावली किती वाजेपर्यंत असते ते होतं, कमोड कुठे आहे ते होतं, आणि तळाशी पाहिल्याची तारीख. निशाने तो टाइप करून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मार्च संपेपर्यंत चार कुटुंबं त्यावर जाऊन आली. एका घरातले पंच्याऐंशी वर्षांचे आजोबाही गेले, ते पाण्यात खुर्ची टाकून बसले आणि उठेनात.

विश्वजीत आता महिन्यातला एक शनिवार दुकान दुसऱ्या फ्लॅटमधल्या भावावर सोपवतो आणि आगाशे मंडळींना व आईला घेऊन किनाऱ्याचा एकेक तुकडा बघून येतो. दुकानात कोणी नवरा-बायको फरशी निवडताना भांडायला लागले की तो त्यांना शेखाडीचा पत्ता देतो.

परवा शनिवार पेठेतून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना गुहागरचा कागद हवा होता, उद्यापर्यंत. दीनानाथ म्हणाले की गुहागर त्यांनी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही, वीस तारखेला जाणार आहेत, त्यानंतर देतील.

"तोवर गुहागर जागेवर राहील ना?" गृहस्थांनी विचारलं.

दीनानाथ म्हणाले की राहिलं तर नक्की कळवतो, आणि फोन ठेवला. सरोजिनीबाईंनी वीस तारीख ऐकली होती. त्या गॅलरीत गेल्या आणि खाली वाकून आनंदीबाईंना सांगू लागल्या की या वेळी एक लुगडं जास्तीचं घ्या, तीन रात्री राहायचंय.