काचेवरचा हात

तिने उजवा तळवा काचेवर दाबून धरला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. तळव्याखालून हिरवट उजेडाची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकली. कागद बाहेर आला, कोमट. तो घेऊन ती खिडकीशी गेली.

बोटं पुन्हा नागमोडी आली होती.

सकाळपासूनची ही सातवी प्रत. हे जुनं झेरॉक्स मशीन तिने एका बंद पडलेल्या छापखान्यातून आणलं होतं आणि गेली नऊ वर्षं ती त्याच्यावरच चित्रं करत होती. उजेड सरकताना काचेवरची वस्तू जराशी हलवली, की कागदावर तिच्या लाटा उमटतात. ती तर तिचीच खासियत, लोक त्यासाठीच तिची प्रदर्शनं बघायला येत. पण आज तिने काहीच हलवलं नव्हतं.

दुपारी मशीन दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी आतले आरसे पुसले, पट्टा ओढून पाहिला, मग स्वतःचाच हात काचेवर ठेवला. प्रत निघाली. नखांतलं काळं, मनगटावरचे केस, सगळं जागच्या जागी.

"मशीन ठणठणीत आहे हो. माझ्यापेक्षा बरं."

ती हसली नाही. काकांची नजर टेबलावरच्या सात कागदांवर गेली. त्यांनी आपली अवजारं गोळा केली आणि काही न विचारता पिशवी उचलली.

ते गेल्यावर ती स्टुलावर बसली आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी सही बिघडली, मग शर्टाची बटणं लागेनात, शेवटी चमचा तोंडापर्यंत पोचेना. तिने डाव्या हाताने बहिणीला फोन लावला.

ताई ऑफिसातून तशीच आली. बाबांचं सगळं तिनेच निस्तरलं होतं, डोळ्यांतून टिपूस न काढता. तिने सातही कागद उलटसुलट पाहिले.

"मशीनचं काहीतरी असेल गं."

"काकांचा हात सरळ आला, ताई."

ताईने पर्स खाली ठेवली, बांगडी मागे सारली आणि आपला हात काचेवर ठेवला.

"दाब."

उजेड सरकला. प्रत बाहेर आली. ताईने ती पाहिलीही नाही, नुसती पुढे केली. कागदावर ताईची बोटं पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत."

"आणि मला बोलली नाहीस!"

"तू घाबरली असतीस."

"आता काय कमी घाबरलेय?"

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. तिने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"उद्या अकरा वाजता माझी तपासणी आहे," ती म्हणाली. "येशील? तुलाही डॉक्टरांना दाखवूच. पण तिथे त्या बाकावर... एकटीला बसवत नाही गं मला."

इतक्या वर्षांत ताईने तिच्याकडे पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

"साडेदहाला तुझ्या दारात येते," ती म्हणाली.